जाताना 6 तास, येताना 24?

प्रश्न: मुलीकडे न्यू जर्सीला निघालोय, पहिल्यांदाच. ऑगस्टचं तिकीट आहे, मुंबई ते न्यूयॉर्क डायरेक्ट. जाताना विमान रात्री 1.30 ला सुटतं आणि त्याच दिवशी सकाळी 7.30 ला पोचतं, येताना मात्र सकाळी 11.30 ला सुटून दुसऱ्या दिवशी 11.30 ला मुंबई. हे कसं काय? जावई म्हणतात 15-16 तास धरा, नेटवर 14 दाखवतं, आणि आमच्या ह्यांचं म्हणणं, खाली पृथ्वी फिरते म्हणून फरक पडतो. — एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, जावई बरोबर आहेत. तिकिटावर सुटायची वेळ जिथून निघतो त्या गावच्या घड्याळाची आणि पोचायची वेळ जिथे पोचतो त्या गावच्या घड्याळाची, असं छापतात, त्यामुळे सरळ वजाबाकी केली की गडबड होते. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. म्हणून जातानाच्या 6 मध्ये साडेनऊ मिळवा, साडेपंधरा झाले, आणि येतानाच्या 24 मधून साडेनऊ काढा, उरले साडेचौदा. (नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे करतात, मग फरक साडेदहाचा.)

आता येताना तासभर कमी का, तर वारा. विमानं उडतात त्या उंचीवर, 10-12 किलोमीटरवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. येताना तो पाठीशी असतो, जाताना तोंडावर, आणि हिवाळ्यात तर जास्तच जोरात. तुमच्या ह्यांना सांगा, पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं, नाहीतर न्यूयॉर्क स्वतःच पूर्वेला आपल्याकडे सरकत आलं असतं नि जातानाच वेळ वाचला असता!

नेटवरचे 14 तास म्हणजे नुसता भागाकार असतो. अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर, भागिले ताशी 900. त्यात ना रनवेपर्यंत रांगेत सरकणं, ना चढणं-उतरणं, ना वारा. शिवाय ते अंतर गोलावरचं सगळ्यात जवळचं असतं, आणि ती रेघ मुंबईहून वायव्येला वर चढत पार आइसलंडच्या जवळून जाते, हे भिंतीवरच्या नकाशात बघून पटतच नाही. त्या नकाशावर पट्टी ठेवून अरबस्तान, सहारा, अटलांटिक असं सरळ गेलात तर उलट दीडेक हजार किलोमीटर जास्त पडतात. घरी पृथ्वीचा गोल असला तर दोरा ताणून बघा, मजा येते.

अर्थात विमान त्या रेघेवरूनच जाईल असं नाही, कुठल्या देशाचं आकाश उघडं आहे त्यावर ठरतं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना लांबून वळसा घालून मध्ये व्हिएन्नाला इंधनासाठी थांबायला लागलं होतं. मुंबईकरांना निदान अरबी समुद्रावरून बाहेर पडता येतं. तरी निघायच्या आदल्या दिवशी वेळ परत एकदा चेक करा, आणि जावयांना 7.30 ला दारात उभं करू नका, इमिग्रेशन नि बॅगा यातच तास-दीड तास सहज जातो.