जर्मनीत मास्टर्सला जाताना विद्यार्थी वसतिगृह घ्यावं की मित्रांबरोबर फ्लॅट?

वसतिगृह घ्या. तुम्ही लिहिलंय की आखेनला ऑक्टोबरपासून मास्टर्स सुरू होतंय, पुण्याचे तीन मित्र मिळून फ्लॅट बघायचा म्हणतायत आणि आईंना होस्टेलच सुरक्षित वाटतंय. मी आईंच्या बाजूने आहे, फक्त माझी कारणं वेगळी आहेत. आईंच्या डोळ्यांसमोर रेक्टर, मेस आणि रात्री बंद होणारं गेट असणार. जर्मनीत यातलं काहीच नसतं. पलंग, टेबल, खुर्ची, कपाट एवढं असलेली एक खोली मिळते. उशी आणि चादरसुद्धा आपली आपण आणायची. कोण कधी आलं, जेवलं की नाही, हे विचारायला कोणी नाही. मी आखेनलाच शिकले आणि मास्टर्सचा सगळा काळ वसतिगृहात काढला, सामायिक स्वयंपाकघर असलेल्या मजल्यावर.

पहिली गोष्ट, विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली असं नाही. बहुतेक वसतिगृहं श्टुडिरेंडनवेर्क नावाची वेगळी संस्था चालवते (विद्यापीठाची कॅन्टीनही तिचीच) आणि तिच्याकडे अर्ज वेगळा करावा लागतो. प्रतीक्षायादी लांब असते, कित्येकदा एक-दोन सत्रांची. भारतीय विद्यार्थ्यांची संख्या 2023-24च्या हिवाळी सत्रात 49 हजारांच्या घरात गेली, खोल्या त्या वेगाने वाढलेल्या नाहीत. म्हणून व्हिसाच्या मुलाखतीची वाट बघत बसू नका, आज अर्ज टाका. चर्चशी संबंधित संस्थांचीही वसतिगृहं असतात आणि बहुतेक ठिकाणी धर्माची अट नसते. आपली मुलं तिकडे बघतच नाहीत, त्यामुळे तिथे जरूर अर्ज करा.

पैशाचं गणित सरळ आहे. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवतात त्या खात्यातून, महिन्याला 992 युरो हातात येतात. आरोग्य विम्याला त्यातले 140च्या आसपास जातात. वसतिगृहाचं भाडं साधारण 250 ते 400, आणि त्यात बहुतेकदा हीटिंग, वीज, पाणी, इंटरनेट सगळं धरलेलं असतं. बाहेरच्या फ्लॅटच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात दिसतो तो आकडा बऱ्याचदा नुसत्या जागेचा, बाकीचं वरून.

फ्लॅटबद्दल तुमच्या मित्रांना हे नक्की सांगा. जर्मनीत भाड्याचे बरेच फ्लॅट रिकामे मिळतात, आणि रिकामे म्हणजे कधी कधी ओटा, शेगडी, सिंकसुद्धा नाही. मागचा भाडेकरू स्वतःचं स्वयंपाकघर उचकटून घेऊन गेलेला असतो. मालक पगाराच्या पावत्या आणि तिथली आर्थिक पत दाखवणारा दाखला मागतो, जो नुकत्याच आलेल्या मुलांकडे नसतोच. चौघांच्या सह्या करारावर असल्या तर भाड्याची जबाबदारी प्रत्येकावर पूर्ण. एकाला म्युनिकला इंटर्नशिप मिळाली आणि तो निघाला, तर उरलेल्यांना त्याचा वाटा भरावा लागतो. आणि साध्या करारात सोडायची नोटीस तीन महिन्यांची असते. भारतातून ऑनलाइन फ्लॅट ठरवताना फसवणूकही याच वाटेने होते. मालक "सध्या परदेशात आहे", पासपोर्टचा फोटो पाठवतो, डिपॉझिट भरा, किल्ली कुरिअरने येईल. किल्ली कधीच येत नाही. जागा आपल्या किंवा ओळखीच्या कोणाच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक युरोही पाठवू नका.

राहायला आल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी जागा देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. ते नसेल तर टॅक्स नंबर येत नाही, रेसिडेन्स परमिटचं काम अडतं, पार्टटाइम नोकरीही अडखळते. वसतिगृह हे पत्र पहिल्याच दिवशी देतं. चार आठवड्यांसाठी घेतलेल्या तात्पुरत्या खोलीचा मालक अनेकदा देत नाही, म्हणून अशी खोली घ्यावीच लागली तर पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या.

विमान कधीचं काढताय तेही बघा. किल्ली हाऊसमाइस्टर देतो, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारा माणूस, आणि तो कामाच्या दिवशी ठरलेल्या वेळातच भेटतो. करार 1 ऑक्टोबरपासून असेल आणि तुम्ही शनिवारी रात्री उतरलात तर सोमवारपर्यंत हॉटेल. रविवारी दुकानं बंद, 3 ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी. खोली ताब्यात घेताना भिंतीवरचा डाग, गादीवरचा फाटका कोपरा, नळाची गळती, सगळं ताबा देताना भरतात त्या कागदावर लिहून घ्या आणि फोटो काढा. डिपॉझिट परत मिळताना हाच कागद बघतात.

आता स्वयंपाकघर, कारण तुमचं तिथलं राहणं सुखाचं होणार की नाही हे तिथे ठरतं. आमच्या मजल्यावर फ्रिजमध्ये प्रत्येकाला कुलूप लावता येईल असा कप्पा होता आणि भिंतीवर कोणत्या आठवड्यात कोणी साफसफाई करायची त्याचा तक्ता. तो तक्ता फार गांभीर्याने घेतात. कचरा वेगळा करायचा: ओला, कागद, प्लास्टिक-पत्रा, उरलेला. काचेच्या बाटल्या पांढऱ्या, तपकिरी, हिरव्या अशा रंगांप्रमाणे वेगळ्या. शेगडी विजेची असते, त्यामुळे कुकर सपाट बुडाचा न्या. शेगडी इंडक्शन निघाली तर ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणारच नाही, म्हणून स्टीलचा घ्या. आणि फोडणी. खिडकी सताड उघडायची, मजल्याकडचं दार घट्ट लावायचं आणि मगच मोहरी टाकायची. फोडणीचा धूर पॅसेजमधल्या धुराच्या अलार्मपर्यंत गेला तर अख्खी इमारत थंडीत बाहेर उभी राहते, अग्निशमन दल येतं, आणि बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. एकदा मी दार लावून लसणाची फोडणी देत असताना शेजारची जर्मन मुलगी आत आली. मला वाटलं तक्रार करणार. तिने वाटीत काय आहे विचारलं, वरण-भात खाल्ला आणि पुढच्या आठवड्यात मला बटाट्याचं सार करून दिलं. वास आवडला नाही तर तेही ती तोंडावर सांगायची. तिथे मनात ठेवून धुमसत नाहीत, सरळ सांगतात, आणि सांगून झालं की विषय संपतो. याचं वाईट वाटून घेऊ नका.

कपडे खोलीत वाळत घालून खिडक्या बंद ठेवू नका, भिंतीला बुरशी धरते आणि ती डिपॉझिटमधून जाते. हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून पाच-दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडायची.

पण तीन मित्रांबरोबर राहू नका असं मी म्हणते त्याचं खरं कारण डिसेंबर आहे. साडेचारलाच अंधार पडतो, परीक्षा जवळ आलेली असते, घरची आठवण येते. चार मराठी मुलं एका घरात असली की बोलणं घरचंच, जेवण घरचंच, आणि जर्मन भाषा वर्षभर ए-वनवर, म्हणजे पहिल्याच पायरीवर राहते. मग नोकरी शोधताना तेच आड येतं, आणि मी हे जवळून पाहिलंय. सामायिक मजल्यावर मात्र चहा करायला गेलं तरी कोणाशी तरी तोडकंमोडकं बोलावंच लागतं. माझं जर्मन वर्गापेक्षा जास्त भांडी घासताना सुधारलं. ट्युनिशियाचा एक मुलगा रमझानमध्ये सगळ्यांना जेवायला बोलवायचा, मी दिवाळीला शंकरपाळे केले. मित्र तर त्याच शहरात असणारच आहेत, शनिवारी भेटा, गणपतीला एकत्र आरती करा.

तुम्ही कमी बोलणारे असाल तर एकट्याचा स्टुडिओ मोहात पाडेल. त्यात स्वयंपाकघर, बाथरूम सगळं स्वतःचं असतं. पहिल्या वर्षी तो नको. नंतर हवा असेल तर खोली बदलून मागता येते.

अर्जात खोलीचा प्रकार विचारतात. तिथे "सामायिक स्वयंपाकघर" आणि "तीन-चार जणांची सदनिका" दोन्हींवर खूण करा, एकाच इमारतीचा हट्ट धरू नका, आणि यादीत नाव टिकवण्यासाठी ते मधूनमधून ईमेलने विचारणा करतात तिला वेळेत उत्तर द्या. तो ईमेल स्पॅममध्ये जाऊन नाव कटलेली मुलं मला माहीत आहेत, म्हणून स्पॅमचा फोल्डर रोज उघडा.