संगीतकार हँडेलचा 'मसाया' (येशूवरची, गायक आणि वाद्यमेळासाठीची अठराव्या शतकातली मोठी रचना) त्या काळच्या जुन्या वाद्यांवर ऐकायचा, तर कोणतं रेकॉर्डिंग घ्यावं?

वाद्यमेळाचे संचालक क्रिस्टोफर हॉगवुड यांचं, 1980 सालचं. बिनधास्त घ्या. 'अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक'चा वाद्यमेळ, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमधली मुलं आणि पुरुष कोरसला, शिवाय गायिका एमा कर्कबी यांचा निर्मळ, जवळजवळ कंपविरहित आवाज.

हँडेलने 'मसाया'त वेळोवेळी बदल केले. इथे आहे ती लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथाश्रमासाठी 1754 मध्ये झालेल्या प्रयोगाची आवृत्ती. त्या प्रयोगाचा हिशेब टिकून आहे, त्यामुळे वादक-गायक किती होते हे कळतं. पुढे शेकडोंचा कोरस उभा करायची प्रथा पडली. इथे मात्र मेळ छोटा आणि प्रत्येक ओळ सुटी ऐकू येते.

व्हायोलिनला सारंगीसारखी तात आहे, म्हणून नाद मऊ आणि किंचित खरखरीत. पट्टीही अर्ध्या स्वराने खाली: आजचा पांढरी सहा तिथे काळी चारवर येतो. 'ग्लोरी टू गॉड' या कोरसमध्ये ट्रम्पेट पहिल्यांदा येतात, तिथे हँडेलने 'दुरून, जरा हळू आवाजात' अशी सूचना लिहिली आहे. ती जागा हेडफोन लावून, रात्री ऐका. माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.