विहिरीची पाळी आणि साडेतीन दिवसांचा न्याय

प्रश्न : माझे यजमान आणि थोरले दीर यांची विहीर सामाईक असून तिच्यावर पाच एचपीची एकच मोटार आहे. दिरांचा दोन एकर ऊस आहे व त्याला ते पाटाने पाणी देतात. आमचे वीस गुंठे टोमॅटो ठिबकवर आहेत. शेतीची वीज काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री मिळते आणि दिवसाची वीज दोघांनाही हवी असते. गावातील वडीलधाऱ्यांनी आठवडा साडेतीन-साडेतीन दिवस वाटून दिला. आता आमची पाळी नसताना टोमॅटोची फुले गळतात आणि दिरांच्या शेवटच्या सऱ्यांपर्यंत पाणी पोचत नाही. आणखी किती पडते घ्यायचे?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुम्ही आणखी पडते घेऊ नये, आणि दिरांनाही घ्यायला लावू नये. निम्मे-निम्मे केले की न्याय झाला, असे आपल्याकडे मानले जाते. मात्र ही वाटणी करताना पाणी कोणाला कशासाठी, कोणत्या वेळी आणि किती लागते, हे कोणी विचारलेले दिसत नाही.

वीस गुंठे टोमॅटोला उन्हाळ्यात दिवसाला साधारण आठ ते दहा हजार लिटर पाणी लागते. तुमच्या मोटारीला हे तास-सव्वा तासाचे काम असावे, म्हणजे तुमच्या साडेतीन दिवसांतील बहुतेक तास मोटार बंदच राहत असणार. उसाला एका पाळीत भरपूर पाणी लागते, पण ती पाळी आठ-दहा दिवसांनी आली तरी चालते. शिवाय पाटाचे पाणी म्हटले की दारे मोडायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, माणूस उभा राहावा लागतो आणि रात्रीच्या अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत ते काम कोणालाही नको असते. ठिबकला मात्र रात्र काय आणि दिवस काय, सारखेच. म्हणजे दिरांना पाणी दिवसा हवे आहे आणि तुम्हाला ते रोज हवे आहे. भांडण चालले आहे ते दिवसांच्या संख्येवर, जिची खरी गरज दोघांपैकी कोणालाच नाही.

तेव्हा असे करून पाहता येईल : दिवसाची वीज असेल त्या आठवड्यात पहिला तास-सव्वा तास टोमॅटोला आणि पुढचा सगळा वेळ उसाला, रात्रीची वीज असेल तेव्हा ऑटो स्विच आणि टायमर लावून टोमॅटोचे पाणी आपोआप सुरू व्हावे व आपोआप बंद व्हावे. ऑटो आणि व्हॉल्व्हचा खर्च तुम्ही उचला, कारण त्याची सोय मुख्यतः तुम्हाला आहे. मोटार जळाली तर दुरुस्तीचा खर्च वापराच्या तासांनुसार वाटून घ्या.

अमेरिकेतील विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी 1925 मध्ये दूध उत्पादकांच्या एका संस्थेतील असाच तंटा सांगितला होता. डोंगरावरून येणारे आणि खालून येणारे शेतकरी दूध उतरवण्याच्या फलाटावर आधी कोण, यावरून इतके हट्टाला पेटले होते की संस्था मोडायची वेळ आली. आळीपाळीची तडजोड करण्याऐवजी फलाटाची जागाच बदलून दोन्हीकडच्या गाड्या एकाच वेळी लागतील अशी सोय केल्यावर तंटा मिटला. तिथेही आधी कोण, हा प्रश्न सोडवावा लागला नाही. तो उरलाच नाही.

दिरांशी बोलताना मात्र योजना घेऊन जाऊ नका. आधी त्यांना रात्री पाणी धरण्याचा त्रास किती होतो, शेवटच्या सऱ्या कधीपासून कोरड्या राहतात, हे विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या. त्यांच्या मनात एक भीती असण्याची शक्यता आहे, आणि ती तुमच्या यजमानांच्या मनातही असेल : आज दिवस सोडले तर उद्या विहिरीवरचा हक्क गेला असे होईल का? म्हणून ‘सातबाऱ्यावरील हिस्सा आहे तसाच राहील, वेळेची ही व्यवस्था फक्त या हंगामापुरती आहे’ असे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. टोमॅटोचे क्षेत्र वाढवायचे झाल्यास आधी बोलणी होतील, हेही त्याच कागदावर असू द्या. नाहीतर एका तासाचे तीन तास कधी झाले, हे कोणालाच कळणार नाही.

वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागला, तर मात्र ही युक्ती पुरी पडणार नाही. तेव्हा खरोखरच पाणी कमी असेल आणि दोघांनाही काही सोडावे लागेल : तुम्हाला थोडे क्षेत्र, दिरांना एखादी पाळी. ते कोणी किती सोडायचे, हे आताच, विहिरीत पाणी असताना ठरवून ठेवा.