बाकावर फणसाचा चीक पडलाय? घाबरू नका, निघतो

नवीन बाक पहिल्याच मोसमात फणसाखाली ठेवलात, म्हणजे तुम्ही आमच्यातलेच! आधी एक गोष्ट ओळखा: डाग चिकाचा आहे की डिंकाचा? डिंक कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याखाली दहा-पंधरा मिनिटांत फुगून मऊ होतो. चिकावर मात्र पाणी चालत नाही, त्याला तेलच लागतं. फणस चिरताना विळीला खोबरेल फासतो ना, तोच न्याय इथे.

डाग मऊ असेल तर त्यावर पिशवीत गुंडाळलेला बर्फ धरा. कडक झाला की जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने हळूच उचला. उरलेल्यावर खोबरेल चोळून थोडा वेळ थांबा, कापडाने लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसा आणि शेवटी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा. जुना डाग दोन-तीन वेळा मागे लागल्याशिवाय जात नाही.

नवखे हमखास करतात त्या चुका:
- सुरीने किंवा तारेच्या घासणीने खरवडणं. डाग जातो, ओरखडा राहतो.
- प्लास्टिकच्या खुर्चीवर थिनर ओतणं. चकाकी गेलीच समजा.
- पॉलिशवर स्पिरिट लावणं. फ्रेंच पॉलिश लाखेचं असतं आणि लाख स्पिरिटात विरघळते. आमच्या झोपाळ्यावरचा पांढुरका चट्टा ही माझीच करामत!

काहीही लावण्याआधी बाकाच्या खालच्या बाजूला थोडं लावून बघा. पॉलिशपेपर, नवं पॉलिश वगैरे सध्या डोक्यातून काढा. आणि हो, फणस संपेपर्यंत बाक दोन हात बाजूला सरकवा.