घारीच्या पिल्लाला लळा लावू नकोस

पोरी,

फोटो पाहिला. रंकाळ्याच्या काठाला सापडलेलं तुझं पाखरू ससाणा नव्हे, घारीचं पिल्लू आहे. अंगभर पिवळट ठिपके आणि शेपटीची उथळ खाच, यावरून कळतं. वळवाच्या वाऱ्यात अशी पिल्लं घरट्यातून पडतातच. धडधाकट असतं तर जवळच्या उंच फांदीवर ठेव म्हणालो असतो, पण याचा डावा पंख लोंबतोय.

आधी वनविभागाला १९२६ वर फोन कर. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे असा जीव हाती आला की ४८ तासांत कळवावं लागतं. 'बरं झालं की सोडणारच होतो' म्हणून चालत नाही.

माणसं येईपर्यंत भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेव. लव्हबर्डचा तारेचा पिंजरा शेजारी देतील, तो घेऊ नकोस. तारेवर आपटून पिसं मोडतात आणि मोडलेलं पीस गळून नवं येईपर्यंत तसंच राहतं. उचलताना टॉवेल टाकून आधी पाय धर. सगळे चोचीला भितात, फाडतात ती नखं. चोचीत पाणी ओतू नकोस, श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. दूध-पाव तर नाहीच. घरातली वेदनाशामक गोळीही नको. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपत आली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी ते बंद झालं.

आता खाणं. आपल्या गावात कुणाचाही पाहुणचार मटणानेच होतो, पण इथे आवर घाल. छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागत असेल, तर ते पिल्लू बरेच दिवस उपाशी आहे. त्याला डॉक्टर आधी सलाईन देतील, मग थोडं थोडं खाणं. आणि नुसत्या मटणात कॅल्शियम नसल्यात जमा, वाढत्या पिल्लाची हाडं त्यावर वाकतात. त्याला हाडा-केसांसकट अख्खा उंदीर लागतो. न पचलेल्या केसांची गोळी ते नंतर तोंडातून टाकतं. ती दिसली की घाबरू नकोस, पोट चालू आहे.

पंख बांधणं डॉक्टरांचं काम. फार दिवस बांधून ठेवला तर सांधा आखडतो, एवढं तू ध्यानात ठेव.

हे सगळं जमतं गं. अवघड आहे ते लळा न लावणं. पिल्लाला नाव ठेवशील, हातावर बसवून व्हिडिओ काढशील, आणि घास कोण देतंय हे ते बघून ठेवेल. पुढे सोडल्यावर तेच माणसाच्या डोक्याशी झेपावेल, आणि कुणीतरी दगड मारेल. म्हणून खाऊ पडद्याआडून, चिमट्याने द्यायचा, बोलायचं नाही. जोडीला दुसरं घारीचं पिल्लू मिळालं तर उत्तमच. तुला बघून ते फिस्कारलं, पंख फुगवून मागे सरकलं, तर वाईट वाटून घेऊ नकोस. मला तर तेच बघायला आवडतं.

सोडायची घाई कुणालाही करू देऊ नकोस. मोठ्या जाळीघरात ते उंची घेतं का, वळतं का, दोन फेऱ्यांत धापा टाकतं का, हे बघावं लागतं. आपल्याकडच्या जून-जुलैच्या पावसात तर नाहीच. उघडीप पडली की सकाळी, जिथे इतर घारी फिरतात तिथे.

तोवर वनविभाग त्याला ठेवील तिथे जाशील, तेव्हा काथ्याची दोरी घेऊन जा. गुळगुळीत दांड्यावर बसून तळपायाला फोड येतात. दोरी घट्ट गुंडाळ, सैल राहिली तर नख अडकतं.

काका