आरोग्य प्रश्नोत्तरे : नव्या शहरात मध्यरात्री दवाखाना गाठताना

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी आम्ही नांदेडहून चाकणला आलो. यजमानांची नोकरी कंत्राटी आहे, विमा नाही. रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत दुखू लागलं तर कुठं जायचं? मोठ्या दवाखान्यात आधी डिपॉझिट मागतात म्हणे. (एक वाचक, चाकण)

आधी 108. ही रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे, पैसे पडत नाहीत आणि गाडीत डॉक्टर असतो. नव्या वस्तीत वेळ जातो तो पत्ता सांगण्यात. त्या घाईत गल्लीचं नाव आठवत नाही, म्हणून आजच एका कागदावर इमारतीचं नाव, जवळचं देऊळ किंवा शाळा, मुख्य रस्त्यावरून कुठं वळायचं हे लिहून दाराला आतून चिकटवा. फोन झाला की एकानं रस्त्यावर जाऊन उभं राहावं. गाडी यायला उशीर होतोय असं दिसलं तर रिक्षा करा, पण रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नका.

छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, यांपैकी काही असेल तर ॲसिडिटीची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. रात्री कोपऱ्यावरचा छोटा दवाखाना शोधण्यातही वेळ घालवू नका. जिथं चोवीस तास कॅज्युअल्टी आणि ईसीजी आहे तिथंच जायचं. तुमच्या बाजूला पिंपरीच्या संत तुकारामनगरातलं महापालिकेचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे आणि पुणे स्टेशनजवळ ससून. दोन्हीकडचा रस्ता एकदा दिवसा पाहून ठेवा.

आता डिपॉझिट. पुण्यामुंबईतली कित्येक बडी रुग्णालयं धर्मादाय न्यासांची आहेत. उच्च न्यायालयानं 2006 साली मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1,80,000 रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, 3,60,000 पर्यंत असेल तर दुर्बल. आणि तातडीच्या रुग्णाकडे डिपॉझिट न मागता त्याला दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

तरीही लोकांना सवलत मिळत नाही, आणि याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: भीतीपोटी उसनवारी करून डिपॉझिट भरलं जातं, रुग्ण ‘जनरल’ म्हणून नोंदला जातो आणि धर्मादायचा विषय बिल हातात आल्यावर निघतो. तोवर खाट सवलतीतली नाही, असं उत्तर मिळतं. म्हणून दाखल करतानाच सांगा, ‘आम्हाला धर्मादाय योजनेतून खाट हवी, वैद्यकीय समाजसेवकांना भेटायचंय.’ रात्री समाजसेवक नसतील तर साध्या कागदावर अर्ज लिहून पोच घ्या. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागेल. दाखला मिळायला दिवस लागतात, तो निरोगीपणीच काढून ठेवा. नकार आला तर तो लेखी मागा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार द्या. तोंडी नकाराची तक्रार टिकत नाही.

प्रश्न : रेशनकार्ड गावाकडचं आहे. इथं फुले योजना चालेल का? (एक वाचक, हडपसर)

चालेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या कोणत्याही संलग्न रुग्णालयात चालते. आता पांढऱ्या कार्डालाही ती लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला दाखल होतानाच गाठा. योजना कॅशलेस आहे, खिशातून आधी भरलेले पैसे नंतर परत मिळवणं फार कठीण. अडतं ते नावावर. आधारवर एक स्पेलिंग आणि रेशनकार्डावर दुसरं, किंवा लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव कार्डात चढवलेलंच नाही. ही दुरुस्ती आत्ता करून घ्या. यादीतल्या शस्त्रक्रिया आणि उपचारांनाच ही योजना लागू आहे, रोजच्या बाह्यरुग्ण तपासणीला नाही.

प्रश्न : आईला बीपी, साखर आणि थायरॉइड. महिन्याची औषधं परवडेनात. जनऔषधीची घ्यावीत का? (एक वाचक, ठाणे)

घ्यावीत. जनऔषधी केंद्रात तीच औषधं ब्रँडऐवजी मूळ नावानं, स्वस्तात मिळतात. पण चिठ्ठी घेऊन सरळ दुकानात जाऊ नका. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर औषध दुकानदाराला कायद्यानं ते परस्पर बदलता येत नाही. डॉक्टरांना ‘मूळ औषधाचं नाव लिहून द्या’ म्हणा. मग नाव, मिलिग्रॅम आणि पुढची अक्षरं तिन्ही ताडून पाहा. ‘मेटफॉर्मिन 500’ आणि ‘मेटफॉर्मिन 500 एसआर’ या वेगळ्या गोळ्या आहेत. एसआर हळूहळू विरघळते, ती चावायची किंवा चुरायची नाही. बीपीची दोन औषधं एकाच गोळीत असतील आणि ती जोडगोळी केंद्रात नसेल, तर दोन सुट्या गोळ्या चालतील का हे डॉक्टरांनाच विचारा.

किंमत पट्टीची नको, एका गोळीची काढा. एक पट्टी 10 गोळ्यांची, दुसरी 15 गोळ्यांची असते आणि स्वस्त वाटलेली महाग निघते. सरकारी दवाखानाही विसरू नका: आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. ससून, जे.जे. वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्यानं तिथं हे लागू नाही.

थायरॉइडची गोळी मात्र वारंवार बदलू नका. मात्रेतला थोडा फरकही तिथं जाणवतो. बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. फिटची औषधं आणि रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन यांचीही तीच गोष्ट, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

पुढेमागे इन्सुलिन सुरू झालं आणि पेनऐवजी स्वस्त म्हणून बाटली घेतलीत, तर सिरिंज नीट बघून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्या दर मिलीलिटरला 40 युनिटच्या असतात, पेनमधलं इन्सुलिन 100 युनिटचं. 40 च्या बाटलीला लाल टोपणाची 40 चीच सिरिंज लागते. नारिंगी टोपणाच्या 100 च्या सिरिंजनं तेवढ्याच रेघेपर्यंत भरलं तर निम्म्याहूनही कमी औषध पोटात जातं, आणि साखर का उतरत नाही ते घरात कुणालाच कळत नाही.