तिसरं वर्कशॉप नको, भाऊ

पारोळ्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

‘१९९३ पासून माझा फोटो स्टुडिओ आहे. मुलगा वीस वर्षांचा, एस.वाय. बी.कॉम.ला आहे. आता लोकांना कॅंडिड पाहिजे, प्री-वेडिंग पाहिजे. माझं काम जुनं झालं. म्हणून त्याला पुण्याला दोन वर्कशॉप करून आणले, एकाचे १८ हजार, दुसऱ्याचे २२ हजार. मॉडेल, मेकअप, घागरा, लाइट सगळं त्यांचंच. फोटो झकास आले, पेजवर टाकले, पण ऑर्डर एकही नाही. चोपड्याची एक पार्टी आली होती. ती म्हणाली, ही नवरी आम्ही धुळ्याच्या एका स्टुडिओच्या पेजवरही पाहिली. आता गोव्याला चार दिवसांचं मोठं वर्कशॉप आहे, ३५ हजारांचं. पाच हजार भरलेत. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आत तो तयार झाला पाहिजे, पुढे दाट तिथी आहेत. तीन लाखांचं कर्ज काढून नवा कॅमेराही घेऊन देतो. पण पोऱ्या लाजाळू आहे. लग्नात पाठवला तर भिंतीला लागून उभा राहतो. घरी मात्र लोकांचे जुने फाटके फोटो कॉम्प्युटरवर नीट करत रात्र-रात्र बसतो. त्यात काय पैसा? फोटोग्राफरचा पोऱ्या असा असून कसं चालेल? वर्कशॉप करू द्यावं, की आधी फोटोग्राफीची डिग्री?’

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मी एकच गोष्ट शोधत होतो: मुलगा काय म्हणतो? फीचा आकडा आहे, कर्जाचा आकडा आहे, चोपड्याची पार्टी काय म्हणाली तेही आहे. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, त्याच्या तोंडचं एक वाक्य नाही. गोव्याचे पाच हजार भरण्याआधी तुम्ही त्याला ‘जायचं का?’ असं विचारलं होतं, की ‘भरलेत, तयारी कर’ असं सांगितलं? पत्रावरून मला यातली दुसरी गोष्ट झाली असावी असं वाटतं.

मला काळजी ऑर्डरची नाही. लाजाळू असणं हा दोष आहे आणि तो चाळीस हजारांत निघाला नाही, तर पस्तीस हजारांत निघेल, असं तुम्ही धरून चालला आहात, त्याची आहे. वीस वर्षांचा मुलगा बापाच्या ओळखीच्या माणसांनी भरलेल्या मांडवात कॅमेरा घेऊन उभा आहे. जो तो विचारतोय, ‘अरे, तू यांचा ना? बाबा नाही आले?’ तो भिंतीला लागणार नाही तर काय करेल? तिथे तो फोटो काढायला गेलेला नसतो, तुमच्या जागी उभं राहायला गेलेला असतो. आणि घरी परत आल्यावर त्याला कळतं की बापाला स्वतःचंच काम जुनं, टाकाऊ वाटतंय. मग तो कोणाकडे पाहून शिकणार?

हे ‘जुनं झालं’ जरा तपासून पाहू. तुम्ही ३६ फोटोंचे रोल मोजून लग्नाला जात होतात. हार घालायच्या वेळी रोल संपू नये, याचा हिशेब डोक्यात ठेवूनच पुढचं बटण दाबावं लागायचं. कोणाचे डोळे मिटलेत ते रोल धुऊन येईपर्यंत कळायचं नाही, म्हणून पापणी कधी लवते ते तुम्ही नुसत्या नजरेनं शिकलात. लाल-पिवळ्या मांडवावर दुपारचं ऊन पडलं की कापडातून झिरपणारा उजेड सगळ्यांचे चेहरे शेंदरी करतो. नवरीला दोन पावलं कुठे सरकवलं की हे टळतं, ते तुम्हाला झोपेतसुद्धा सांगता येईल. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी भटजींच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, पाठवणीच्या वेळी मुलीच्या बापाच्या किती जवळ जायचं आणि कुठे थांबायचं, हे कोणत्याही हॉटेलच्या हॉलमध्ये शिकवत नाहीत. हे सगळं तुमच्या घरात फुकट पडलेलं असताना तुम्ही पोराला ते विकत आणायला पुण्याला धाडलंत.

आता वर्कशॉपकडे येतो, कारण तुमचा खरा गैरसमज तिथे आहे आणि तुमच्यासारख्या अनेकांचा आहे. तुम्हाला वाटतं, मॉडेलचे झकास फोटो पेजवर आले की गिऱ्हाईक येतं. तो फोटो कसा होतो ते सांगतो. हॉलमध्ये अठरा जण असतात आणि मॉडेल एक. शिकवणारे स्वतः सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी पेटी, लावतात, उंची ठरवतात, आकडे सांगतात: एफ-४, शटर १/१६०, आयएसओ २००. फ्लॅश पेटवणारा ट्रिगर एकच असेल, तर तो या कॅमेऱ्यावरून त्या कॅमेऱ्यावर फिरतो. चाळीस मिनिटांचं सत्र असेल तर एकाच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं. मॉडेलला हनुवटी कुठे वळवायची, हात कुठे ठेवायचे, हे पाठ असतं. प्रकाश शिकवणाऱ्याचा, बसवणूक शिकवणाऱ्याची, साज स्टायलिस्टचा, भाव मॉडेलचे. तुमच्या मुलाचं फक्त बोट. मग तीच नवरी, तोच घागरा, तीच खिडकी अठरा पेजवर जाते. चोपड्याच्या पार्टीनं अगदी बरोबर ओळखलं. त्यांनी तुमच्या मुलाला खोटं ठरवलं नाही, पण हे याचं स्वतःचं काम नाही, हे त्यांना कळलं. वर्कशॉपचा फोटो स्वतःचं लग्नाचं काम म्हणून दाखवणं हे गिऱ्हाइकाशी सरळ वागणं नव्हे. ते फोटो आजच काढून टाका. ठेवायचेच असतील तर खाली ‘वर्कशॉपमधील मॉडेल शूट’ असं स्पष्ट लिहा. तेही मॉडेलच्या लेखी संमतीत स्टुडिओच्या जाहिरातीची परवानगी असेल तरच. आयोजकांकडून तो कागद मागून घ्या.

आणि खरी नवरी? ती दोन रात्री झोपलेली नसते. जळगाव-भुसावळकडचं मे महिन्याचं ऊन, मेकअप उतरतोय, मेंदीच्या हातानं पदर सावरतेय, मागून आत्या हाका मारतेय, समोरच्या एलईडी वॉलमुळे शटरचा वेग जरा चुकला तर फोटोत पट्टे येतायत. तिला कॅमेऱ्यासमोर उभं राहायची सवय नाही. तिच्याशी तिच्या बोलीत दोन शब्द बोलून तिचे खांदे सैल करणं हेच तिथलं अर्धं काम. पगारी मॉडेल समोर असताना नेमकं हेच शिकायचं राहून जातं, कारण तिथे त्याची गरजच पडत नाही.

वर्कशॉप वाईट असतात असं मी म्हणत नाही. चाळीस-पन्नास लग्नं स्वतः काढलेला फोटोग्राफर एखादा नेमका प्रश्न घेऊन गेला, समजा ‘रात्रीच्या वरातीत कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेला फ्लॅश कसा सांभाळू?’, तर दोन दिवसांत त्याची फी वसूल होते. त्यानंही आधी विचारावं: किती जण, मॉडेल किती, लाइट मला स्वतःला लावून मोडून पुन्हा लावू देणार का, माझे आधीचे फोटो बघून चुका सांगणार का. शेवटच्या दोन प्रश्नांना ‘नाही’ असं उत्तर आलं तर ते शिक्षण नव्हे, सहल आहे. तुमच्या मुलाकडे आज असा प्रश्नच नाही. म्हणून गोवा नको.

डिग्रीचं थोडक्यात: बारावीनंतर सीईटी देऊन मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयासारख्या ठिकाणी उपयोजित कला, पदवीनंतर गांधीनगरच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत फोटोग्राफी डिझाइन किंवा पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत सिनेमॅटोग्राफी, आणि आयटीआयमध्ये डिजिटल फोटोग्राफरचा एक वर्षाचा ट्रेड. बी.कॉम. अर्धवट सोडून यातलं काहीही करू नये. स्टुडिओ चालवणाऱ्याला हिशेब यावाच लागतो.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. जुने फाटके फोटो नीट करत तो रात्र-रात्र बसतो. भाऊ, न सांगता, न फी भरता, रात्री जागून मुलगा जे करतो, तिकडे आधी बघायचं असतं. मुलांना पुढची वाट निवडायला मदत करणं हेच माझं काम, म्हणून सांगतो, माझ्यासमोर येणाऱ्या दहातल्या आठ मुलांना ‘तुला काय करायला आवडतं?’ याचं उत्तर देता येत नाही. तुमच्या मुलानं ते देऊन ठेवलंय.

आणि त्यात पैसा नाही, हे अर्धसत्य आहे. लग्नसराईत एकेका लग्नाचे हजारो फोटो येतात. ते निवडणं, रंग जुळवणं, अल्बमची पानं लावणं यात फोटोग्राफर बुडून जातो आणि पार्टी सहा-सहा महिने अल्बमसाठी फोन करत राहते. हे काम बाहेर देणारे स्टुडिओ जळगावात आहेत, धुळ्यात आहेत, नाशकात तर आहेतच. तुमचे स्वतःचे किती अल्बम थकलेत ते मोजा, म्हणजे हा धंदा आहे की नाही ते कळेल. पण तुम्हाला अंधारातही ठेवत नाही. नुसतं फोटो निवडणं आणि सरसकट रंग सुधारणं आता सॉफ्टवेअर करायला लागलंय. त्या दोन कामांवर आयुष्य उभं करता येणार नाही. अल्बमची मांडणी आणि जुन्या फोटोंची दुरुस्ती यात मात्र माणसाची नजर लागते. एआयचं अ‍ॅप फाटलेल्या फोटोतला चेहरा ‘दुरुस्त’ करताना पुष्कळदा नवाच चेहरा बसवून देतं. आजी सुंदर दिसते, पण ती आजी नसते, आणि घरच्यांना ते पहिल्या नजरेत कळतं. तुमचा पोरगा रात्रभर कशाशी झगडतो, ते एकदा त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बघा. कदाचित नेमकं याच्याशीच.

त्याला एक दिवस चाळीसगावला घेऊन जा. वर्कशॉपला नव्हे, छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन बघायला. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. या माणसानं घराबाहेर पडणं जवळजवळ सोडून दिलं होतं, आणि त्या घरातच टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांच्यावर उजेड खेळवून अशी छायाचित्रं केली की बघणाऱ्याला ते खरेखुरे देखावे वाटावेत. एकटं राहण्याचा आदर्श म्हणून हे सांगत नाही. मांडवात पुढे घुसणारा तोच फोटोग्राफर, ही व्याख्या खानदेशातल्याच एका माणसानं कधीच मोडून ठेवली आहे, ते तुम्ही दोघांनी सोबत बघावं म्हणून सांगतो.

ही लग्नसराई त्याच्यावर सोपवू नका. फोटो तुम्ही काढा, मागचं सगळं काम त्याला द्या आणि त्याचा मोबदला ठरवून हातात द्या. घरचा म्हणून फुकट नको. दोन लग्नं त्यानं ओळखीत नसलेल्या स्टुडिओसोबत, दुसऱ्या तालुक्यात, असिस्टंट म्हणून करावीत. तिथे तो कोणाचा मुलगा नसेल. कदाचित भिंत सुटेल, कदाचित नाही. नाही सुटली तर पुन्हा ढकलू नका.

पार्टीशी करार लेखी करा, त्यात पेजवर फोटो टाकण्याची परवानगी लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोच्या कॉपीराइटची पहिली मालक पार्टी असते. ही गोष्ट स्टुडिओवाल्यांनाही माहीत नसते.

कर्ज काढू नका. मुद्रा योजनेत तीन लाख ‘किशोर’ गटात बसतात, बँक देईलही, पण हप्ता आठवड्याला दोन लग्नं असली तरी असतो आणि चातुर्मासात एकही नसलं तरी असतो. आज त्याला लागणारच असेल तर रंग खरे दाखवणारा एक चांगला मॉनिटर आणि एक चांगला स्कॅनर लागेल. कोणता, ते त्यालाच विचारा. त्याचं उत्तर तयार असेल.

गोव्याच्या आयोजकांना आजच लेखी कळवा, ‘येत नाही, आगाऊ रक्कम परत करावी.’ पावतीवर परताव्याची अट छापलेली असेल, ती आधी वाचा. ‘भरलेत तर जाऊन येऊ दे’ असं मात्र करू नका. पाच हजार बुडाले तरी उरलेले तीस हजार हातात राहतात, स्कॅनर त्यातच येईल.